उंदराने न पाडलेलं भोक

थाक ओकबुन जुन्या लाकडी सामानाची पारख करायला कुठेही गेली, की आधी त्या वस्तूची पाठ बघायची. मालकांनी पुढून दिवा लावलेला असे, कड्या-कोयंडे घासूनपुसून लख्ख केलेले असत, आणि ही बाई सरळ वळसा घालून पेटी आणि भिंत यांच्या फटीत डोकं खुपसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "तोंडाला सगळेच पावडर लावतात. पाठीला कोण लावतंय?"

सोलच्या दाप्सिमनी बाजारात ती लग्न होऊन आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नवरा जुन्या पेट्यांच्या बिजागऱ्या दुरुस्त करायचा आणि ही शेजारी बसून गंज खरवडायची. त्या काळात दलाल खेडोपाडी फिरून बायकांना चकचकीत प्लायवूडची कपाटं द्यायचे आणि बदल्यात पणजीच्या वेळच्या पेट्या ट्रकात घालून आणायचे. त्या बायकांना बाजारात सगळे हसत. ओकबुन हसली नाही, कारण तिच्या आईनेही तेच केलं होतं, आणि ते कपाट आल्यावर आई आठ दिवस त्याच्यासमोरून हलली नव्हती. गंज खरवडता खरवडता तिची बोटं शहाणी झाली. कोणता खिळा हाताने ठोकलेला, कोणता यंत्राचा, कोणती पेटी खालून तापवलेल्या जमिनीच्या खोलीत उभी राहिलेली आणि कोणती गारठ्यात ओसरीवर, हे ती डोळे मिटून सांगू लागली. नवरा गेला तेव्हा बाजाराला वाटलं, आता दुकानाला कुलूप. तिने पंधरा दिवसांत पाटी बदलली आणि वर स्वतःचं नाव घातलं.

तिचं तोंड मात्र फटकळ. एका बड्या उपाहारगृहाच्या मालकाने एकदा तिला मोठ्या हौसेने बोलावलं. छपराच्या आकाराचं एक सुबक छोटं कपाट त्याने कुठूनसं मिळवलं होतं आणि त्यात परदेशी दारूच्या बाटल्या मांडल्या होत्या. ओकबुनने कपाटाला आधी वाकून नमस्कार केला.

"हे काय मावशी?" मालक म्हणाला.

"यात पूर्वजांच्या नावाची पाटी ठेवतात. तुम्ही रोज कोणाच्या आजोबांना पाजताय?"

माणसाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी कपाट तिच्या दुकानात आलं, बाटल्या काढून.

चुकायची नाही असं नाही. एका पेटीचे पाय कापलेले पाहून तिने ती नकली ठरवली होती. पुढे कळलं की मालकाच्या घराचं छतच ठेंगणं होतं. तेव्हा ती आपण होऊन त्या विक्रेत्याच्या दुकानासमोर गेली आणि भर बाजारात म्हणाली, "मी चुकले, पेटी अस्सल आहे." तेव्हापासून तिच्या शब्दाला जास्तच वजन आलं. लिलाव कंपन्यांच्या छापील अहवालाखाली ओकबुनची सही नसेल तर जाणतं गिऱ्हाईक पैसे काढत नसे.

दोन हजार नऊच्या शरद ऋतूत तिला नाजू शहराच्या पलीकडच्या एका खेड्यातून फोन आला. आवाज म्हातारीचा, पण खणखणीत.

"सोलवाल्या बाई ना? मी गुरिमची." त्या भागात सुनेला माहेरच्या गावाच्या नावाने ओळखतात, आणि ही सून आता शहाऐंशीची झाली तरी गुरिमचीच होती. "आमची तांदळाची कोठी विकायची आहे. तुमच्या शहरातला एक पोरगा येऊन बघून गेला. कागदावर लिहून गेलाय की मागच्या फळीला उंदरांनी भोक पाडलंय, नंतर बुजवलंय, म्हणून चाळीस लाख वॉन. पैशाचं जाऊ दे. माझ्या कोठीला उंदीर? सत्तर वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात उंदराने पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही या आणि ते भोक कशाने पडलं ते सांगा."

"आजी, आणि उंदरानेच पाडलेलं निघालं तर?"

"तर तसं लिहा. पण या."

ओकबुन गेली. अशा फोनला ती नाही म्हणत नसे.

ते थोरल्या पातीचं घर होतं. पाच पिढ्यांचे पितर या घरात जेवत आले होते. आता मुलगा आईला आणि बायकोला ग्वांगजूच्या फ्लॅटमध्ये नेणार होता आणि कोठी काही त्या फ्लॅटच्या दारातून आत जाणारी नव्हती. अंगणात अर्धं सामान बांधून पडलं होतं. गुरिम आजी ओसरीच्या खांबाला टेकून, एक गुडघा उभा करून बसली होती. कोठी तिच्या मागेच, भिंतीला लागून. कमरेइतकी उंच, चार जाड पायांची, वरचं झाकण अर्धंच उघडणारं आणि त्याला ओबडधोबड मोठं कुलूप.

आजीची सून पिलसुन एकसष्ट वर्षांची, हसरी, हाताला उसंत नसलेली बाई. पण कोठी ओढायची वेळ आली तशी तिचं हसू मावळलं. "ताई, उगाच कशाला कंबर मोडून घेता," ती ओकबुनला म्हणाली. "त्या मुलाने बघितलंय की सगळं. उंदीरच होते. खेडं आहे, उंदीर असायचेच."

"तुझ्या माहेरी असायचे," आजी खांबाकडून म्हणाली.

दोघींनी मिळून कोठी हातभर पुढे ओढली. ओकबुन पोटावर आडवी झाली, बॅटरी लावली आणि मागे सरपटली. पुढच्या आणि बाजूच्या फळ्या कठीण, देखण्या लाकडाच्या. मागची साधी पाइनची, भिंतीकडे तोंड करून जन्म काढायचा म्हणून कोणी तिच्यावर खर्च केला नव्हता. खालच्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटं वर, ते भोक. त्यात लाकडी बूच घट्ट बसलेलं, आणि बुचातून ओवलेला दोऱ्याचा एक फास. तिने बोट फिरवलं, नखाने कड खरवडली, नख नाकाशी नेलं. मग ती तिथेच आडवी राहून स्वतःशी हसली. शहरातला तो मुलगा इथवर वाकलाच नव्हता. उभ्यानेच फोटो काढून गेला होता.

"ताई," वरून पिलसुनचा आवाज आला, "जरा आत येता? जवाचा चहा ठेवलाय."

"चहा इथे आण," आजी म्हणाली.

"भांडं गरम आहे, आई."

चहाचं भांडं गरम असणारच. ओकबुन अंगावरची धूळ झटकत तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. पिलसुनने दार लोटलं आणि कप हातात द्यायचाच विसरली.

"तुम्ही उंदीरच लिहा," ती हळू म्हणाली. "पाया पडते. भोकाचं आईंसमोर काही बोलू नका."

"का?"

पिलसुनने एका दमात सांगितलं. एकोणसत्तर साली ती या घरात आली. माहेरी वडील नव्हते, आई आणि दोन लहान भावंडं, आणि वसंतात नवे जव येईपर्यंत चूल कशी पेटवायची याची रोजची विवंचना. इथे कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, आणि सासूच्या डोक्यावर तिची सासू, ठणठणीत जिवंत. रोज संध्याकाळी तांदूळ काढून झाला की सासू वरचा थर सारखा करायची आणि मधोमध तळहात दाबून ठसा उमटवायची. सकाळी ठसा जसाच्या तसा हवा. एकदा ओसरी झाडताना पिलसुनला कोठीमागे चिंधी गुंडाळलेली एक लाकडाची चीप सापडली. ओढली तर भसकन तांदूळ. मागून थोडा काढला तर भिंतीलगतचाच खचायचा, मधला ठसा हलायचा नाही. दर बाजाराच्या दिवशी ती परकराखाली एक पिशवी बांधून जायची आणि वेशीबाहेर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीच्या हातात द्यायची. दुसुन तिचं नाव. दोन वर्षं हे चाललं.

"मग एका सकाळी हात घातला तर चिंधी नव्हती. नवं कोरं बूच. ताशीव. म्हणजे त्यांनी पकडलं होतं मला. बोलल्या नाहीत काही, पण बूच ठोकून ठेवलं. चाळीस वर्षं झाली, ताई. त्या माझ्या हातचं जेवतात आणि मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे. पुढे किल्ली माझ्या हातात दिली तेव्हासुद्धा वाटलं, टोमणाच आहे. आता कोठी जाऊ दे. त्या आहेत तोवर हा विषय उघड्यावर नको."

"आणि बहीण?"

पिलसुनने चुलीकडे बघितलं. "तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी आईने तिला सोलला धाडलं, लोकांच्या घरी धुणीभांडी करायला. बारा वर्षांची होती."

ओकबुनला मुलीची आणि या बाईचीही फार दया आली. इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा तिला वाटलं, काय बिघडतंय? उंदीर. एक शब्द. कोणाचं वाईट होणार नाही, आणि ही बाई मान वर करून फ्लॅटमध्ये जाईल. तिने कप उचलला आणि मग तो तसाच खाली ठेवला. डोळ्यांसमोर तो दोऱ्याचा फास आला होता.

"भोक तुम्ही नव्हतं पाडलं?"

"नाही हो. आधीचंच."

"आणि नवं बूच दिसल्यावर पुन्हा कधी ओढलंत ते?"

"पितरांची शपथ, बोटसुद्धा लावलं नाही."

"तेच म्हणते मी," ओकबुन म्हणाली. "चला बाहेर."

"ताई, तुम्ही काय सांगणार?"

"लाकूड सांगेल ते. मी कधी आपल्या पदरचं घालत नाही. पण तुम्ही घाबरू नका, मी उगाच म्हणत नाहीये."

पिलसुनची पाचावर धारण बसली होती. ती ट्रे घेऊन ओसरीवर आली आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली.

ओकबुन कोठीमागे मांडी घालून बसली. दोऱ्याला धरून तिने बूच डावी-उजवीकडे हलवलं, दोनदा फुंकर मारली आणि तिसऱ्या झटक्याला ते निघालं. मागोमाग दहा-बारा पिवळे पडलेले तांदळाचे दाणे जमिनीवर पडले.

"आजी, ऐका," ती म्हणाली. "उंदीर कुरतडतो तेव्हा कडेला जोडीजोडीने दातांच्या रेघा उठतात. इथे एक रेघ नाही. सुताराने पाडलं असतं तर गोल असतं किंवा चौकोनी. हे पानाच्या आकाराचं आहे, आणि कड आतपर्यंत जळलेली आहे. म्हणजे तापवलेलं लोखंड, पुन्हा पुन्हा टेकवलेलं. शिवणीवर फिरवायची लांब दांड्याची छोटी इस्त्री असते ना, तिचं टोक बरोबर एवढं. तुमचा उंदीर शिवणकाम शिकलेला होता."

आजीच्या तोंडाचा कोपरा हलला. "किती जुनं म्हणाल?"

"कोळसा लाकडात पार मुरलाय. पासष्ट वर्षांच्या वर. तुमच्या सूनबाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या."

पिलसुनने ट्रे खाली ठेवला.

"अडुसष्ट वर्षं," आजी म्हणाली. "इस्त्री माझ्या माहेरची. पहिलं बाळ झालं होतं आणि दूध उतरत नव्हतं. बाळंतिणीला समुद्रशेवाळाचं सूप आणि पांढरा भात देतात. मला सूप मिळालं आणि भाताऐवजी जव. सासूबाईंनी तांदळावर तळहात दाबून ठेवला होता. भोक पाडायला अकरा दिवस लागले. रोज स्वयंपाकाच्या धुरात माझा धूर मिसळायचा. वास आला तर म्हणायचे, भात लागला. भाताचा पत्ता नाही आणि लागतोय." ती स्वतःच हसली. "तुम्ही ओळखाल असं वाटलंच होतं. त्या पोराने उंदीर म्हटलं तेव्हा रागच आला मला. एवढी मेहनत माझी."

"मग हे बूच?" ओकबुनने ते उन्हात धरलं. "भोकाहून खूप नवं. बोरीच्या लाकडाचं. स्वयंपाकाच्या सुरीने तासलंय."

आजी सुनेकडे न बघता म्हणाली, "तेही माझंच."

पिलसुन तिथेच गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं. "आई, माझं चुकलं. माहेरच्यांसाठी केलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं—"

"कशाबद्दल म्हणते ही?" आजीने ओकबुनला विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ओकबुनला राहवेना. तिने बूच पिलसुनच्या नाकासमोर धरलं. "अहो, वर बघा आधी. भोक बंद करायचं असेल तर माणूस काय करतो? खिळा मारतो, सरस लावतो. इथे काय आहे? दोरा ओवलाय धरायला. बाजू तासून गुळगुळीत केल्यात, वर तेल चोळलंय, आवाज न होता सुटावं म्हणून. असं बूच कोण करतं? ज्याला ते उघडलं जावं असं वाटतं तो करतो. आणि हा दोरा बघा, हाताचा मळ नाही त्यावर. बुचाला घासल्याची खूण नाही. ज्याच्यासाठी केलं, त्याने ते एकदाही ओढलं नाही."

अंगणात बांधलेल्या सामानावर चिमण्या उड्या मारत होत्या.

"तुझी नखं तुटलेली असायची," आजी शेवटी म्हणाली. "बाजाराच्या दिवशी सकाळी. ती चीप फुगून बसली होती, मला ठाऊक होतं ती किती जाम होते. आणि ओढताना करकरायची. सासूबाईंचे कान तिखट होते, आज ना उद्या त्यांनी ऐकलंच असतं. उघड बोलायची सोय नव्हती, त्या पलीकडच्याच खोलीत असायच्या. म्हणून बूच केलं. म्हटलं, ही हात घालेल आणि समजेल."

"मला वाटलं, पकडलंत."

"मी वाट बघितली. भिंतीकडचा तांदूळ खचतो का, रोज बघायचे. एक वर्ष बघितलं. मग वाटलं, मोठी मानी आहे, हिला चोरलेलं चालतं, माझं दिलेलं चालत नाही. रागच आला मला तुझा. मग तोही राहून गेला." ती थांबली. "बोलायला हवं होतं. सासूबाई गेल्यावर तरी. तेव्हा घरोघर तांदूळ झाला होता, कोणत्या तोंडाने विषय काढायचा?"

पिलसुन रडत नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "त्याच वर्षी दुसुनला सोलला पाठवलं, आई. तांदूळ बंद झाला म्हणून."

हे आजीला ठाऊक नव्हतं. सुनेची बहीण शहरात कामाला गेली एवढं तिने ऐकलं होतं. कोणाचीही जायची त्या काळात. तिने उभा गुडघा खाली घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या खणखणीत बाईला एकदम वय आलं.

"बारा वर्षांची?" तिने विचारलं.

"बारा."

ओकबुनने पिशवीतून आपला कागद काढला. अशा वेळी तिला दुसरं काही सुचत नसे. आणि आपलं काम पुरं करणं हाच तिथे बसून राहायचा एक रीतसर बहाणा होता. तिने लिहिलं: उंदीर नाही. भोक शिवणीच्या इस्त्रीचं, घरच्या सुनेने पाडलेलं. बूच घरच्या सासूने केलेलं, न वापरलेलं. मग किंमत लिहिली आणि मोठ्याने वाचली, "एक कोटी वीस लाख वॉन. बुचासकट. बूच हरवलंत तर निम्मी. वस्तुसंग्रहालयवाले पायघड्या घालतील, त्यांच्याकडे कुलपं पुष्कळ आहेत, असलं एकही नाही."

"ते राहू दे," आजी म्हणाली. "सूनबाई, तुझ्या बहिणीचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण आई, तुम्ही कशाला? मी सांगेन तिला."

पिलसुन गडबडली ते उगाच नव्हतं. व्याही आणि शौचकूप जितके लांब तितके बरे असं त्या मुलखात म्हणतात. चाळीस वर्षांत या घरातून त्या घरी सणासुदीला नाशपातीची पेटी गेली असेल, तीही माणसाच्या हाती. थोरल्या पातीच्या सासूने सुनेच्या धाकट्या बहिणीला आपण होऊन फोन करणं म्हणजे लोकांनी चारदा विचारलं असतं, घरात कोणी गेलं का.

"लाव," आजी म्हणाली.

पिलसुनने नंबर लावला आणि मोबाइल दोन्ही हातांनी पुढे केला. आजीने तो उलटा धरला, ओकबुनने सरळ करून दिला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग पन्नाशीतल्या बाईचा धावपळीतला आवाज आला.

"दुसुन का?" आजी नेहमीपेक्षा मोठ्याने बोलली. "मी गुरिमची. तुझ्या बहिणीची सासू. कोणी गेलं नाहीये, घाबरू नकोस. ऐक. एकाहत्तर साली मी तुझ्या घरासाठी तांदूळ काढायची सोय करून ठेवली होती. निरोप पोचला नाही. चूक माझी आहे, तुझ्या बहिणीची नाही. तिने तुला विसरून तांदूळ बंद केला नव्हता."

आजी मोबाइल कानाला दाबून बसून राहिली.

"आम्ही अजून पंधरा दिवस या घरात आहोत," ती पुढे म्हणाली. "ये बाई. पांढरा भात करते, मी स्वतः."

मग दुसुनने विचारलं, ताई जवळ आहे का. आजीने मोबाइल आपल्या कानावरून काढला आणि सुनेच्या कानाशी नेऊन धरला, कारण पिलसुनचे दोन्ही हात तोंडावर होते.